मुस्यूंची एक्केचाळीस पुस्तकं

मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने पहिली यादी छापली, तिच्या सहाव्या ओळीवर ‘फ्रेंच’ असं होतं. पुस्तकं एक्केचाळीस, कॅसेट नऊ, अकरा वर्षांतल्या नोंदी तीनशे अठरा, वाचक एक.

नोकरीतलं ते माझं पहिलं स्वतंत्र काम. सार्वजनिक वाचनालयाची जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची आणि कुठली कपाटं नुसती जागा अडवून बसली आहेत ते शोधून द्यायचं. नियम समितीने ठरवून दिला होता. वर्षभरात निदान तीन वाचक नसतील तर तो विभाग बंद आणि पुस्तकं रद्दीत. मी तो नियम एका ओळीत बसवला. ती ओळ पहिल्याच फटक्यात चालली, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा कपाळावर चढवून यादी वाचली. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तो एक वाचक कोण, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

“यादी तुम्ही काढलीत, तर सांगायलाही तुम्हीच जा,” त्या म्हणाल्या. “मला नाही जमायचं. तो माणूस दर शनिवारी साडेपाचला येतो आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलून मग कपाटाकडे जातो. घाई दिसू नये म्हणून.”

मुस्यू म्हणजे फ्रेंचमध्ये ‘साहेब’. बाजाराच्या मागच्या गल्लीत फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका साठीच्या माणसाला सगळे याच नावाने ओळखत. ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेने ठेवलं होतं. पुढे ते इतकं रुळलं की दुकानाची पाटी नव्याने रंगवताना रंगाऱ्यानेही तेच लिहून टाकलं.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन्ही भिंतींना उघड्या पाठीचे फ्रिज उभे, मधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. वाटेच्या शेवटी कामाचं टेबल, त्यावर तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि एक कॅसेट प्लेअर. मी गेले तेव्हा त्यावर एक बाई गात होती. मागे अकॉर्डियन, आणि तिचा आवाज असा, की जणू दोरीवर कपडे वाळत घालता घालता स्वतःशीच गातेय.

काय गाते आहे, असं मी सहज विचारलं. आल्याआल्या रद्दीचं सांगायला जीभ रेटत नव्हती.

“नवरा निघून गेलाय,” मुस्यू हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले. “तिला त्याला विचारायचंय पुष्कळ. पण विचारते एवढंच, की छत्री कुठे ठेवलीस.”

तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला आणि गाण्याचा अर्थ तिथेच राहिला. फोन झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. समिती, नियम, डिसेंबरअखेरची मुदत. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त यादी मागून घेतली आणि आकडे दोनदा वाचले.

“तीनशे अठरा वेळा पुस्तक बाहेर गेलंय,” ते म्हणाले. “तरी बंद?”

“वाचक एकच आहे ना, काका.”

“फ्रिज किती तास चालला ते बघतात, पोरी. दार किती जणांनी उघडलं ते कोण मोजतं?”

मी हळू आवाजात म्हटलं, की नियमाच्या ओळीत तीनच्या जागी एक लिहायला मला दोन सेकंद लागतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

त्यावर मात्र त्यांनी पाना खाली ठेवला. कॉम्प्रेसरला एक सुरक्षेचा स्विच असतो, यंत्र फार तापलं की तो आपोआप वीज तोडतो, असं त्यांनी मला समजावलं. “तो सारखी वीज तोडतो म्हणून काही जण त्याला वळसा घालून सरळ तार जोडतात. फ्रिज लगेच सुरू. गिऱ्हाईक खूश. आठ दिवसांनी कॉम्प्रेसर जळतो. मी चाळीस वर्षांत तशी तार जोडलेली नाही.” मग यादीची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. “दोन माणसं हवीत ना? बघतो.”

त्यानंतर कामाचं निमित्त काढून मी त्या दुकानात जायला लागले आणि त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्याने माझ्या कानावर आली. बरीचशी काकूंकडून, कारण मुस्यू स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन. पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायच्या.

तरुणपणी मुस्यू एका शीतगृहात कामाला होते. तिथलं मोठं यंत्र बंद पडलं. त्याची पुस्तिका तीन भाषांत होती, पण वाचता येतील ती पानं तेलाने चिकटून गेली होती. धड राहिली होती ती फ्रेंच. मुस्यूंनी वाचनालयातून शब्दकोश आणला, शब्द शब्द लावत पाच दिवसांत यंत्र चालू केलं आणि सहाव्या दिवशी शब्दकोश परत करायला गेले. पण परत केला नाही, मुदत वाढवून घेतली. का, असं मी विचारलं तर म्हणाले, “पुस्तिका संपली, पण शब्द उरले होते.”

पुढे, अकरा वर्षांपूर्वी, गावातून बदलून गेलेल्या एका फ्रेंचच्या शिक्षिकेने आपली पुस्तकं आणि कॅसेट वाचनालयाला देऊन टाकल्या. मुस्यूंनी त्यातलं पहिलं उचललं ते स्वयंपाकाचं पुस्तक. त्याचं कारण सरळ होतं. आधी हे घ्या, मग ते करा, इतकी मिनिटं थांबा, ही भाषा त्यांना यंत्रामुळे येत होती.

पहिला पदार्थ सफरचंदांचा. खाली पिठाची पारी, वर सफरचंदाच्या फोडी. शेवटी लिहिलं होतं, थर्मोस्टॅट सहा, चाळीस मिनिटं. तिकडच्या ओव्हनला तापमानाचे असे आकडे असतात, हे मुस्यूंना कुठून माहीत असणार? त्यांच्या आयुष्यात थर्मोस्टॅट एकाच वस्तूला होता. त्यांनी नुकता दुरुस्त केलेला एक चांगला फ्रिज निवडला, बटण सहावर नेलं आणि सगळं आत ठेवलं. चाळीस मिनिटांनी घड्याळ बघून बाहेर काढलं.

“आणि मी खाल्लंसुद्धा,” काकू सांगत होत्या. “कच्चं पीठ, बर्फासारखं गार. मी म्हटलं, परदेशी पदार्थ आहे, असेल असाच.”

त्यानंतर अकरा वर्षांत मुस्यूंनी त्या पुस्तकातले साठेक पदार्थ उतरवून घेतले, आणि तेही दुकानाच्या जॉबकार्डांवर. फ्रिज दुरुस्तीला आला की जे छापील कार्ड भरतात तेच. यंत्र: कांद्याचं सूप. सुटे भाग: कांदे सहा, लोणी, पाव, चीज. कृती: क्रमांक एक ते नऊ. वेळ: एक तास वीस मिनिटं. काकू ती कार्डं मशीनच्या खणात ठेवत आणि रविवारी त्यातलं एखादं काढून रांधत. कार्डावर ‘तक्रार’ असाही एक रकाना होता. मुस्यू तो मोकळा सोडत. काकूंनी प्रत्येक कार्डावर तिथे ‘भूक’ लिहून ठेवलं होतं.

कादंबऱ्या मात्र मुस्यू एकटेच वाचत. जेवणानंतर खिडकीशी बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन. काकूंना त्याचं काही वाटत नसे, असं त्या म्हणत. फक्त कपाटाचा विषय निघाला की “आमच्या एक्केचाळीस सवती” म्हणत.

तर दोन माणसं शोधायची होती. मुस्यूंनी दुकानातल्या सगळ्यात दर्शनी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला, ‘फ्रेंच पुस्तकांबद्दल चौकशी येथे करावी.’ चौकशी झाली ती त्या फ्रिजच्या किमतीची. त्यांचा भागीदार, ज्याला गल्लीत ‘मीटर’ म्हणत, कारण समोर काहीही आलं तरी तो आधी विजेचा मीटर लावून बघे, त्याने सोपा उपाय काढला. आपल्या घरच्या पाच जणांची कार्डं काढू, प्रत्येकाच्या नावावर एकेक पुस्तक घेऊ आणि महिन्याने परत करू. मुस्यूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीटरने ते पुन्हा सुचवलं नाही.

शेवटी त्यांनी रविवारची दुपार ठरवली. दुकानात दुरुस्त होऊन पडलेला एक ओव्हन होता, त्यात काहीतरी भाजायचं. कॅसेट लावायची आणि पुस्तकातलं वाचून दाखवायचं. गल्लीतल्या पंधरा-वीस जणांना सांगितलं, दहा-बारा आले. फ्रिज भिंतीला आणखी दाबून खुर्च्या लावल्या.

पहिल्या रविवारी त्यांनी आपली आवडती कादंबरी घेतली. एक पोस्टमन एक पत्र घेऊन डोंगरातल्या घरी निघतो आणि तीनशे पानं चालत राहतो. मुस्यू एक वाक्य फ्रेंचमध्ये वाचत, मग त्याचा अर्थ सांगत, आणि अर्थ सांगताना त्यांचा आवाज पुस्तिका वाचल्यासारखा सपाट होई. पोस्टमन दरवाजा उघडतो. पोस्टमन दरवाजा बंद करतो. ऐकायला आलेला गल्लीतला न्हावी झोपला. मीटर म्हणाला, की पत्रात काय आहे ते एकदाचं सांगून टाक. लोकांनी सफरचंदाचा पदार्थ मन लावून खाल्ला, ताटल्या विसळून ठेवल्या आणि गेले. दुसऱ्या रविवारी सहाच जण आले. पुस्तकाबद्दल कुणीही चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या रविवारी काकू सूप वरून करून आणणार होत्या, पण घरचा गॅस संपला. म्हणून त्यांनी सगळं सामान खाली आणलं आणि दुकानातल्याच शेगडीवर कांदा परतायला घेतला. जॉबकार्ड घाईत वरच राहिलं होतं. मुस्यू म्हणाले, पुस्तक इथे आहे, मी यातूनच सांगतो. कार्ड नव्हतं, लोक ऐकत होते, म्हणून ते जे लिहिलं होतं ते सगळंच सांगत गेले.

“कांदे पातळ चिरावेत,” ते वाचत होते. “मंद आचेवर पाऊण तास ठेवावेत आणि सतत ढवळत राहावं. आमच्या घरी हे सूप भांडण झाल्यावर व्हायचं. आई म्हणायची, ज्याची चूक असेल त्याने ढवळावं. पाऊण तासात राग उतरतो, आणि नाही उतरला तर सूप पुन्हा करावं.”

काकूंचा उलथनं धरलेला हात थांबला.

“म्हणजे अकरा वर्षं चूक माझीच होती?” त्या म्हणाल्या.

न्हावी इतका हसला की खुर्चीसकट मागच्या फ्रिजवर आदळला. मीटर तर डोळे पुसत होता. मुस्यूही हसले. काकूंनी उलथनं त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला होऊन बसल्या. मुस्यूंनी निमूटपणे पाऊण तास कांदा ढवळला. लोक त्यांना दर पाच मिनिटांनी म्हणत होते, की काय केलंत ते तरी कळू द्या.

पण काकू हसत नव्हत्या. मी त्यांच्या शेजारी होते, मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले, तर काकूंनी साठ जॉबकार्डं जमिनीवर पत्त्यांसारखी मांडली होती आणि मधोमध ते पुस्तक होतं. मुस्यू खिडकीशी अपराध्यासारखे बसले होते.

“हे बघ,” काकू मला म्हणाल्या. “यांना मी एकेक पान पूर्ण वाचायला लावतेय. दूध-तांदळाच्या खिरीखाली काय लिहिलंय? की ही खीर आजारी माणसासाठी आहे, पण आजारी नसलेल्यांनी ती पळवू नये म्हणून भांड्यावर झाकण ठेवून त्यावर स्वतः बसावं. मसुराच्या रश्शाखाली काय? की हा रस्सा लेखिका फक्त एकदाच बिघडवून बसली, भावाचं पत्र आलं त्या दिवशी. यातलं एक अक्षर नाही या कार्डांवर. एक अक्षर नाही.”

मुस्यू म्हणाले, की त्या गोष्टी कृतीत येत नाहीत. त्या काढल्या तरी पदार्थ होतो.

“पदार्थ होतो,” काकू म्हणाल्या. “अहो, एवढी वर्षं मला वाटत होतं, तुमच्या त्या पुस्तकांत नुसती मापं असतात. म्हणून मी कधी हात लावला नाही. आत एक बाई बसून बोलतेय, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला फक्त स्क्रू आणून दिलेत, गाणं स्वतःकडे ठेवलंत.”

मुस्यूंनी चष्मा काढून पुसला. नंतर एकदा दुकानात नळीला डाग देता देता ते मला म्हणाले, की मुद्दाम नव्हतं केलं. कार्डावर ते बसत नव्हतं. मला ते अगदी कळलं. मीही त्यांचं सगळं आयुष्य चार आकड्यांत बसवून यादीत छापलंच होतं.

मंगळवारी काकू वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल बाईंनी त्यांना ‘व्यवसाय’ विचारला तेव्हा म्हणाल्या, “शिवणकाम. आणि ढवळणं.” कार्ड झालं. त्यांनी तेच स्वयंपाकाचं पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं. घरी सक्त ताकीद देऊन ठेवली, विचारल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. मशीनशेजारी शब्दकोश आला. एका संध्याकाळी चार ओळी होत, कधी दोनच. आणि त्या ओळी त्या कार्डांवर उतरवू लागल्या. तक्रारीच्या रकान्यात मावेना, म्हणून पाठीमागे. मुस्यू समोर बसून कादंबरी वाचण्याचं नाटक करत आणि त्यांचा सगळा जीव तिकडे असे. एकदा न राहवून त्यांनी एक शब्द सांगितला. काकूंनी त्यांना त्या रविवारचा सगळा कांदा चिरायला लावला.

वाचक दोन झाले. नोव्हेंबर संपत आला होता. मी मुस्यूंना म्हटलं, की मीच एखादं पुस्तक घेते ना.

“कोणतं?”

“कुठलंही चालेल.”

“मग नको,” ते म्हणाले आणि फ्रिजच्या पाठीत डोकं घातलं.

मला राग आला. एवढ्यासाठी एक्केचाळीस पुस्तकं रद्दीत घालणार हा माणूस! आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. पण त्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट झाली. ऑफिसमध्ये प्रोग्रॅम चालत असताना, जिन्यावरून उतरताना, दात घासताना, मी ते छत्रीचं गाणं गुणगुणत होते. शब्द माहीत नव्हते, नुसती चाल. आणि चालीबरोबर दर वेळी एकच प्रश्न येई. पुढे त्या बाईला छत्री सापडली का?

शनिवारी मी सरळ दुकानात गेले आणि विचारलं. मुस्यूंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“कॅसेटच्या डबीत एक कागद आहे,” ते म्हणाले. “त्यावर सगळं गाणं छापलंय. तीन कडवी. डबी वाचनालयात मिळते.”

“तुम्हाला माहीत आहे ना? सांगा की.”

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. एवढंच.

मी कॅसेट घेतली. बाईंनी नोंद केली, माझ्याच प्रोग्रॅममध्ये. घरी प्लेअर नव्हता, तो मुस्यूंनी दिला, वर रिकामी जॉबकार्डंही दिली, शब्द लिहून घ्यायला. पहिलं कडवं लावायला मला नऊ दिवस लागले.

पंधरा डिसेंबरला कच्ची यादी निघाली. फ्रेंच तिच्यात नव्हतं. मी छापील कागद घेऊन जवळपास धावतच दुकानात गेले. काकूही खाली आल्या होत्या. मुस्यूंनी हात पुसले, यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांचं बोट एका ओळीवर येऊन थांबलं. मधमाशीपालन. पुस्तकं सात, वाचक एक.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

“नाव सांगता येत नाही, काका.”

“नाव नको.” ते थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. “वाचनालय सातला बंद होतं ना?”

“आता माश्या आणू नका घरात,” काकू म्हणाल्या, पण त्यांनीच खुंटीवरचा कोट काढून दिला.

मी त्यांच्याबरोबर गेले. मधमाश्यांची सात पुस्तकं जिन्याखालच्या कपाटात होती. मुस्यूंनी आधी सगळ्यात पातळ काढलं, ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. मग जाडजूड होतं ते घेतलं. टेबलाशी येऊन त्यांनी बाईंशी हवापाण्याचं बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता पुस्तक मधेच उघडलं, आणि त्यांचं बोलणं थांबलं.

“उन्हाळ्यात माश्या पोळ्यात पाणी आणून शिंपडतात,” ते म्हणाले. “आणि दारात रांग करून पंखांनी वारा घालतात. आत तापमान ठरल्यापेक्षा वर चढू देत नाहीत.” त्यांनी पान उलटलं. “अंशाअंशाने. थर्मोस्टॅट नाही, काही नाही.”

बाई शिक्का हातात धरून उभ्या होत्या. “घरी जाऊन वाचा,” त्या म्हणाल्या, “आधी पुस्तक इकडे द्या.”

“एक मिनिट,” मुस्यू म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.